डब्यात नसलेला आवाज

‘ती टेस्ट काढून टाक, वृंदा. सगळ्यांचं काम अडलंय तिच्यामुळं.’

तौफिक हे माझ्याकडं न बघताच म्हणाला. त्याच्या स्क्रीनवर वरच्या बाजूला लाल पट्टी होती, माझ्याही होती, आणि काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या इंगवलेसरांच्याही असणार. आमच्या ऑफिसात कुणीही प्रोग्रॅममध्ये काही बदल केला की कोपऱ्यातलं एक मशीन आपोआप कामाला लागायचं. सगळे तुकडे जोडून अख्खा प्रोग्रॅम बांधायचं आणि मग त्याच्या तपासण्या घ्यायचं. सगळ्या जमल्या तर हिरवी पट्टी, एक जरी चुकली तरी लाल. लाल असेपर्यंत नवी आवृत्ती बाहेर पाठवता येत नसे. आठवडा झाला, पट्टी लाल होती, आणि चुकत होती ती एकच तपासणी. माझी.

‘काढणार नाही,’ मी म्हणाले. ‘ती काहीतरी सांगतेय.’

‘ती एवढंच सांगतेय की त्या मशीनला कान नाहीत.’

मी तेव्हा कोल्हापुरात होते, राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत. इंगवलेसरांचा मूळ धंदा दुकानांच्या बिलांच्या सॉफ्टवेअरचा. आमचे पगार त्यावरच निघायचे. पण सरांचा जीव होता ‘बोलकी’त. आजारानं ज्यांचं बोलणं गेलंय आणि हातही चालत नाहीत, अशांसाठी त्यांनी तो प्रोग्रॅम केला होता. स्क्रीनवर अक्षरं एकेक करून उजळत जायची, उजळताना हळू आवाजात उच्चारलीही जायची. हवं ते अक्षर आलं की माणसानं बोटाखालचं एक मोठं बटण दाबायचं, बस. वाक्य पुरं झालं की बोलकी ते मराठीत मोठ्यानं बोलून दाखवायची. वापरणारे फार नव्हते, पण जे होते त्यांना दुसरं तोंड नव्हतं.

नव्या आवृत्तीत सरांनी एक चांगली गोष्ट करायची ठरवली होती. आधी बोलकी बसवायची म्हणजे प्रोग्रॅम वेगळा, आवाज वेगळा, अक्षरांचे फाँट वेगळे. खेडेगावात ते कोण करणार? म्हणून यापुढं सगळं एकत्र बांधून द्यायचं. एकदा क्लिक केलं की झालं. आम्ही त्याला ‘डबा’ म्हणायचो. आणि मला त्रास होता तो त्या डब्याचाच. आमच्या बाकीच्या तपासण्या तुकड्यांच्या होत्या. अक्षरं नीट उजळतात का, बटण दाबलेलं कळतं का, आवाज स्पष्ट आहे का. सगळं वेगवेगळं. भाजी चाखली, आमटी चाखली, भात चाखला, पण भरलेल्या डब्यात काय गेलं ते कुणी झाकण काढून बघतच नव्हतं.

मग मी ती टेस्ट लिहिली. मशीननं डबा तयार केला की त्यानंच तो गिऱ्हाइकासारखा बसवायचा, उघडायचा, एक वाक्य अक्षर-अक्षर करून लिहायचं आणि बोलकी तेच वाक्य बोलली का ते ताडून बघायचं. माणूस मध्ये नको. सांगायला सोपं वाटतं. करताना माझ्या नाकी नऊ आले.

त्या मशीनला स्क्रीनच नव्हता, त्यामुळं बोलकी उघडायलाच तयार होईना. त्याला खोटा स्क्रीन दिला. मग ती उघडली, पण ‘ओळख करून घ्यायची आहे का?’ अशी चौकट दाखवून उत्तराची वाट बघत बसली, आणि तिथं उत्तर द्यायला कुणी नव्हतं. ते निस्तरलं, तर आधीच्या खेपेची बोलकी बंदच झालेली नसायची आणि नवी म्हणायची, ‘बोलकी आधीच चालू आहे.’ रोज नवं काहीतरी. ज्याला माणसानं हाताळायचं ते यंत्राकडून हाताळून घेणं म्हणजे आंधळ्याला चित्र काढायला लावण्यासारखं होतं. मी चिडायचे, टेबलावर हात आपटायचे, तौफिक हेडफोन लावायचा.

ते सगळं संपल्यावर खरी अडचण आली. बोलकी उघडत होती, पहिलं अक्षर उजळत होतं आणि तिथंच थिजत होती. आवाज नाही, पुढचं अक्षर नाही.

‘मशीनला साउंड कार्ड नाही,’ तौफिक म्हणाला. ‘आवाज कुठं काढणार ती?’

‘खोटं दिलंय की. जो आवाज निघेल तो फाइलमध्ये उतरतो.’

‘मग तुझं ते खोटं कार्ड नीट नसेल. माझ्याकडं चालते, मिलिंदकडं चालते, सरांच्या लॅपटॉपवर चालते. तुझ्याही मशीनवर चालते. फक्त कोपऱ्यात चालत नाही. तर चूक कोपऱ्याची.’

त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला जास्त राग येत होता. तौफिक मुजावर आमच्यातला सर्वांत हुशार. आवाजाचं सगळं काम त्याचं. मी त्याच दुपारी कोपऱ्यातल्या मशीनवर नुसती घंटा वाजवून बघितली. फाइलमध्ये घंटा उतरली, स्पष्ट.

‘घंटा ऐकू येते त्याला,’ मी सांगितलं.

‘मग घंटेचा प्रोग्रॅम विकूया,’ तो म्हणाला.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. इंगवलेसर शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता.

‘आपण लोकांना सांगितलंय, महिन्याच्या सुरुवातीला देतो. आज सहा तारीख. हे वाच.’

त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवला. शालनताई देसाईंची चार तारखेची मेल होती. आजऱ्याच्या अलीकडच्या एका गावच्या शिक्षिका. स्नायू एकेक करून निकामी होत जाण्याचा आजार, आता डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालत होतं. बोलकी वापरणाऱ्या पहिल्या काही लोकांतल्या त्या. बोलकीतूनच मेल पाठवायच्या, थोडक्यात आणि बिनचूक.

‘जुनी मध्येच बंद पडते. कुणी येऊन सुरू करेपर्यंत मी गप्प. नवी दहा तारखेच्या आत पाठवा. कारण लिहिता येत नाही.’

‘बघ,’ सर म्हणाले, ‘कारण लिहायचीसुद्धा ताकद नाही बाईंना. आणि आपण इथं एका टेस्टपायी अडून बसलोय. टेस्ट बंद कर. डबा जाऊ दे.’

‘सर, दोन दिवस द्या.’

‘आठवड्यापूर्वी पण दोन दिवसच मागितले होतेस.’

‘उद्याचा दिवस तरी.’

त्यांनी स्क्रीन पुन्हा आपल्याकडं वळवला. त्याचा अर्थ ‘हो’ असा मी करून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी बोलकी कधीच न बघितलेलं एखादं मशीन शोधत फिरले. ऑफिसात एकही नव्हतं. आमच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तिच्या आधीच्या सगळ्या आवृत्त्या येऊन गेलेल्या. हिशेब बघणाऱ्या काकांच्या मशीनवरसुद्धा होती. शेवटी पेन ड्राइव्हवर डबा घेऊन मी खाली उतरले. आमच्या जिन्याखाली जयश्रीवहिनींचं झेरॉक्सचं दुकान होतं.

‘वहिनी, तुमच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकून बघू?’

‘व्हायरस नाही ना?’

‘नाही.’

‘बघा. पण गिऱ्हाईक आलं की उठायचं.’

मी डबा बसवला, बोलकी उघडली. पहिलं अक्षर उजळलं, आणि तिथंच थांबलं. स्पीकर गप्प. वहिनींनी गाणी ऐकायला ठेवलेला तो मोठा स्पीकर, त्याच्यात एरवी काही खोट नव्हती. मी बंद केली, पुन्हा उघडली. तेच. कॉलेजची तीन मुलं पाठीमागं प्रोजेक्टच्या प्रती घेऊन उभी होती. मला तिथं, त्या मुलांसमोर, आनंदानं ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं.

मी वर गेले आणि सरांना, तौफिकला जवळजवळ हाताला धरूनच खाली आणलं. दोघं झेरॉक्स मशीनच्या उष्ण हवेत वाकून त्या थिजलेल्या अक्षराकडं बघत राहिले. तौफिकनं स्वतः आवाज वाढवून बघितला, वायर काढून लावली. मग जिना चढून गेला. अर्ध्या तासानं त्याला सापडलं. डबा आवाज शोधायला आपल्या पोटात बघतच नव्हता. आधीच्या आवृत्त्या जिथं आवाज ठेवायच्या त्या जुन्या जागी बघत होता. आमच्या सगळ्यांच्या मशीनवर तो जुना आवाज पडलेला होता, म्हणून सगळीकडं चालत होतं. कोपऱ्यातलं मशीन मात्र दर वेळी कोरं होऊन कामाला लागायचं, आणि तेच एक खरं बोलत होतं.

मला वाटलं, संपलं. आता सगळे म्हणतील बरं झालं. तसं झालं नाही.

‘म्हणजे नव्या गिऱ्हाइकांना त्रास होईल,’ सर विचार करत म्हणाले, ‘जुन्यांना नाही. जुन्यांकडं आवाज आहेच.’

‘बरोबर,’ तौफिक म्हणाला. ‘सध्या वापरणारे सगळे जुनेच. त्यांना आज पाठवू. मी दुरुस्ती करतो, ती पुढच्या खेपेला जाईल. ती जागा बऱ्याच ठिकाणी वापरलीय, घाईत हात लावला तर दुसरंच काहीतरी बिघडेल.’

‘सर, बिघडलेला डबा आपण जाणूनबुजून पाठवायचा?’

‘त्यांच्यासाठी तो बिघडलेला नाही, वृंदा,’ सर म्हणाले. ‘बाईंना दहाच्या आत हवाय. शब्द दिलाय मी.’

दोघंही चुकीचं काही बोलत नव्हते. मी जागेवर येऊन बसले. टेस्ट बंद करायची एक ओळ होती, ती लिहायची फक्त. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि लिहवेना. आमच्या मशीनवर चालतं म्हणून बाईंच्याही मशीनवर चालेल, हे आम्ही पुन्हा एकदा न बघताच धरून चाललो होतो. मी शालनताईंच्या घरचा नंबर काढला आणि फोन लावला.

फोन एका तरुण बाईनं उचलला. पूनम, शालनताईंच्या दिराची सून.

‘थोरल्या आत्यांचा कॉम्प्युटर ना? तो फॉरमॅट करून आणलाय परवा. मामंजी म्हणाले, लई स्लो झालाय.’

‘मग बोलकी?’

‘ती गेली की. काहीच नाही आता त्यात. आत्या नुसत्या बसून असतात.’

त्या मेलनंतर बाईंची एकही मेल का आली नव्हती ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्हाला वाटलं होतं, बाईंनी धीर धरलाय.

‘नवीन डबा, म्हणजे प्रोग्रॅम पाठवला तर तुम्ही बसवाल?’

‘इथं नेटला रेंज नसते, ताई. एवढं मोठं उतरत नाही.’ मग तिनं आवाज खाली आणला. ‘तुम्हीच येता का? यायचं तर दहा तारखेपर्यंत या. दहालाच आलात तर सकाळी या पण. दुपारी साहेब लोक येणार आहेत घरी.’

कसले साहेब, ते तिनं सांगितलं नाही. फोन ठेवला.

मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘म्हणजे आज पाठवला असता तर त्यांच्याकडं थिजला असता.’ तौफिक दारातच उभा होता. तो म्हणाला, ‘करतो दुरुस्ती,’ आणि गेला.

पुढच्या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तौफिकनं दुरुस्ती केली, पट्टी लाल राहिली. आवाज आता डब्यातून निघत होता, पण जोडाक्षरांवर अडखळत होता, कारण त्यांचे उच्चार डबा अजून जुन्याच जागी शोधत होता. ते केलं, तरी लाल. या वेळी आधीच्या खेपेची बोलकी पुन्हा मागं उरली होती, म्हणजे चूक माझ्या टेस्टची. तौफिक म्हणाला, ‘बघ, तुझी पण,’ आणि मी त्याच्यावर इतकी खेकसले की मिलिंद उठून चहाला गेला. नऊ तारखेला ऑफिस सुटायच्या सुमाराला पट्टी हिरवी झाली. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. मी, तौफिक, मिलिंद, तिघंही त्या हिरव्या पट्टीकडं संशयानं बघत होतो. मी डबा घेऊन खाली गेले, वहिनींच्या मशीनवरून जुनं सगळं पुसून पुन्हा बसवला, आणि ‘अ’ ऐकू आला.

दहा तारखेला मी सकाळच्या एसटीनं निघाले. गाडी उत्तूरच्या आधी पंक्चर झाली. दुसरी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभं राहण्यात माझी सकाळ गेली. देसाईंच्या दारात पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुढच्या सोप्यात खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर नवं कापड घातलं होतं. शालनताईंचे दीर बळवंतराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे होते.

‘आज नको, उद्या या,’ ते म्हणाले. ‘आज घरात काम आहे.’

‘मी कोल्हापूरहून आलेय, काका. अर्धा तास लागेल.’

‘उद्या या म्हटलं ना.’

‘आल्याच आहेत तर लावू दे की, मामंजी,’ पूनम आतून म्हणाली. ‘आत्यांच्या खोलीतच तर आहे.’

त्यांनी हात झटकला. ते मी ‘आत जा’ असं समजले.

शालनताई खिळखिळ्या चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. मान एका बाजूला कललेली, अंगावर नेसवलेली नवी साडी. मला बघितल्यावर त्यांचे डोळे हलले, बाकी काही हललं नाही. मी नाव सांगितलं, पेन ड्राइव्ह लावला, बटण त्यांच्या बोटाखाली सरकवलं. कॉम्प्युटर जुना, डबा मोठा. बसवताना दिसणारी ती पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं जात होती. मध्येच थांबली. पुन्हा सरकली. एवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि खोलीत माणसं आली. बळवंतराव, एक वकील, आणि पन्नाशीच्या एक बाई, हातात चामड्याची बॅग. दुय्यम निबंधक कार्यालयातून आलेल्या कुरणेमॅडम. आजारी माणसाला ऑफिसात येता येत नाही, म्हणून दस्त नोंदवायला त्या घरी आल्या होत्या.

मी उठून बाजूला झाले. वकिलांनी वाचायला सुरुवात केली. बक्षीसपत्र होतं. शालनताईंच्या नवऱ्यानं बांधलेलं, आता त्यांच्या नावावर असलेलं हे घर त्या राजीखुशीनं दिराला देत आहेत, असं.

मला त्यांची ती मेल आठवली. कारण लिहिता येत नाही. बोलकीत लिहिताना प्रत्येक अक्षर खोलीत ऐकू जायचं, आणि समोर नेहमी घरातलंच कुणीतरी असायचं.

‘शालनताई,’ कुरणेमॅडम वाकून म्हणाल्या, ‘हे तुम्हाला मान्य आहे का?’

शालनताईंची मान जरा पुढं पडली. ती तशीही पडायची. स्नायू धरत नव्हते.

‘हो म्हणतायत,’ बळवंतराव म्हणाले. ‘अशीच मान हलवतात वहिनी.’

‘मॅडम,’ मी म्हणाले, ‘त्या यातून बोलू शकतात. थोडा वेळ द्या त्यांना.’

बसवायची पट्टी पुरी झाली होती. मी बोलकी उघडली. पहिलं अक्षर उजळलं, आणि खोलीत ‘अ’ ऐकू आला.

मग अक्षरं जात राहिली. एकेक अक्षर, मध्येच बटणाचा टक्‌ असा आवाज. वकिलांनी घड्याळ बघितलं. बळवंतराव भिंतीला टेकले. मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी बॅग मांडीवर घेतली. माझं लक्ष फक्त त्या उजळणाऱ्या चौकोनाकडं होतं. एकही अक्षर थिजू नये, एवढंच मनात चाललं होतं. बरंच झाल्यावर बोलकी मोठ्यानं बोलली.

‘मला घर द्यायचं नाही.’

मग बळवंतराव शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, हे यंत्र आत्ता, तुमच्यासमोर लावलंय या पोरीनं. कोण कुठली माहीत नाही. त्यात काय भरून आणलंय कुणाला ठाऊक? कुणीही काहीही बोलवून घेईल त्याच्याकडून.’

कुरणेमॅडम माझ्याकडं वळल्या. ‘या जे लिहितात तेच हे बोलतं, असं तुम्ही खात्रीनं सांगू शकता?’

‘हो. आम्ही डबा तयार झाला की दर वेळी तपासतो. एक वाक्य लिहायचं आणि तेच वाक्य बाहेर आलं का ते बघायचं. कालच तपासलंय.’

‘ते तुमच्या ऑफिसात,’ त्या म्हणाल्या. ‘इथलं मला कसं कळणार?’

आठवडाभर मी तौफिकला जे सांगून थकले होते तेच या बाई मला सांगत होत्या. इतकं करून, इथपर्यंत येऊन, आता हे.

‘तुम्ही सगळे बाहेर थांबा,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुम्हीसुद्धा. आणि वकीलसाहेब, तुम्हीही.’

दार लागलं. मी सोप्यात एका खुर्चीच्या टोकावर बसले. बळवंतराव उभेच होते. आतून काही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, ‘पाच वर्षं झाली. अंघोळ, जेवण, औषधं. माझी बायको गेली त्यात, पूनम करते आता. कुणी आलं नाही विचारायला, वहिनींचं माहेरचं सुद्धा नाही. आज तुम्ही आलात.’

ते खोटं बोलत नव्हते.

‘तुम्हाला काय,’ ते म्हणाले, ‘यंत्र लावलं, चाललात.’

दार उघडलं तेव्हा कुरणेमॅडम कागद बॅगेत घालत होत्या.

‘आज नोंदणी होणार नाही,’ त्या वकिलांना म्हणाल्या. ‘बाईंची संमती नाही.’

‘मॅडम, त्या यंत्राचा भरवसा…’

‘मी त्यांना काल काय जेवलात ते विचारलं. बाहेरच्या माणसाला ते माहीत असायचं कारण नाही.’ मग त्या पूनमकडं बघून म्हणाल्या, ‘काल भाकरी दुधात कुस्करून भरवली का तुम्ही?’

पूनमनं मान डोलावली.

‘त्या म्हणाल्या, दूध नको होतं. नको म्हणता आलं नाही.’

पूनमनं पदर तोंडाशी नेला. मॅडम चपला घालून गाडीकडं गेल्या. चहासाठी कुणी त्यांना थांबवलं नाही. वकीलही गेले. बळवंतराव थोडा वेळ टेबलावरच्या नव्या कापडाकडं बघत उभे राहिले आणि मग बाहेर निघून गेले.

पुढं त्या घरात काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, शालनताईंच्या मेलमधून. घर त्यांच्याच नावावर राहिलं. बळवंतराव काही महिने त्यांच्याशी बोलले नाहीत, पण करायचं सोडलं नाही. त्यांनी कॉम्प्युटरला पुन्हा कधी हात लावला नाही, आणि तो बंद पडला तर पूनम सुरू करायची. शालनताईंनी मृत्युपत्र केलं ते नंतर, स्वतःहून, आणि त्यात घर पूनमच्या नावे लिहिलं. मॅडमसमोर त्या द्यायला का तयार नव्हत्या, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी लिहिलं, ‘मला आधी कुणी विचारलं नव्हतं.’

माझी टेस्ट त्यानंतरही फालतू कारणांनी लाल व्हायची. तौफिक चिडायचा, मीही चिडायचे. मी ती नोकरी सोडली तेव्हाही ती अर्धा दिवस लाल होती.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मी एका घरात आग लावून चालले आहे. बळवंतरावांचं ते ‘चाललात’ कानात राहिलं होतं. मी खोलीत पेन ड्राइव्ह काढायला गेले. पूनम चहा घेऊन आली. शालनताईंचं बोट बटणावरच होतं. अक्षरं उजळू लागली आणि आम्ही दोघी उभ्या राहिलो.

‘आवाज वाढव,’ बोलकी म्हणाली.

मी बघितलं. ‘ताई, पूर्ण मोठा केलाय. याहून जास्त होत नाही.’

पुन्हा अक्षरं. सावकाश. पूनमच्या हातातला कप निवत गेला.

‘मग खिडकी उघड.’

पूनमनं कप ठेवला आणि बोळाकडची खिडकी ढकलली. ती घट्ट बसली होती, दोन हात लावावे लागले. पलीकडं नळावर दोन बायका भांडी घासत होत्या, त्यांनी वर बघितलं. शालनताईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि पुढचं वाक्य सुरू केलं. ते लांबणार हे पहिल्या शब्दावरूनच दिसत होतं. कोल्हापूरची गाडी थोड्या वेळात सुटणार होती. मी ती जाऊ दिली आणि खाली सतरंजीवर बसले.